असू द्या, सर!

सोमवारी कंपनीच्या कँटीनमध्ये डबा उघडायच्या आत प्रश्न येतो, "काय वानखडे, काल काय झालं?" काल म्हणजे रविवारी, मैदानावर. आणि दर रविवारी काहीतरी होतंच हो! मी मुद्दाम काही करत नाही. अकोल्याकडचा माणूस नोकरीसाठी मावळात येतो, टाकव्याच्या अलीकडं फ्लॅट घेतो आणि क्रिकेटशिवाय जीव राहत नाही म्हणून शेजारच्या गावच्या टीमच्या मागं लागतो. किस्से व्हायला एवढं पुरतं. गावाचं नाव सांगत नाही, उगाच भांडणं नकोत. साडेतीन वर्षांत इतके किस्से साठलेत की वैशाली, म्हणजे आमची मिसेस, म्हणते, "एवढे रन काढले असते तर!"

*

पहिल्या रविवारचा ऐका. आमच्या सोसायटीच्या मागं भाताची खाचरं आहेत. भात निघालं की त्यातलंच एक खाचर सपाट करून मैदान तयार. मी पांढरी पँट, पांढरा शर्ट, डोक्याला हॅट, खांद्याला लांबडी बॅग अशा थाटात बांधावर जाऊन उभा राहिलो.

खेळ थांबला. दोन पोरं बॉलरकडच्या स्टंपाचा दगड उचलून बांधाकडं पळाली. कॅप्टन दत्ताभाऊ धावत आला. हा गुलाबाच्या पॉलीहाऊसवर सुपरवायझर आहे, चांगला धिप्पाड गडी, पण चेहरा पार पडलेला.

"साहेब, मोजणी बुधवारी हाय ना?"

जमीन मोजायला आलेला सरकारी माणूस समजला मला! मी म्हणालो, "नाही हो, खेळायला आलोय." त्यानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि मागं वळून ओरडला, "आरं, खेळायला आल्यात! हद्दीचा दगड आणा परत, स्टंप लावा!"

*

दुसऱ्याच आठवड्यात मी कॅच सोडला. साधा, छातीवर आलेला. मी डोळे मिटून शिव्यांची वाट बघत उभा.

"असू द्या, सर!" दत्ताभाऊ म्हणाला. "ऊन आलं डोळ्यात."

आभाळ भरून आलं होतं!

पुढच्याच ओव्हरला त्याच्या सख्ख्या चुलतभावानं, सोपानानं, तसाच कॅच सोडला. त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मी तिथं उभा राहून ऐकत होतो आणि खरं सांगतो, मला सोपानाचा हेवा वाटला. अकोल्यात आमचा गज्या सीमारेषेवरून बोंबलायचा, "अबे दिन्या, हाताले तेल लावून आला काय बे?" तेव्हा राग यायचा. आता तेच ऐकायला मिळत नाही. पाहुण्यावर कोण ओरडतं? इथं मी पाहुणा होतो, आणि मला पाहुणा राहायचं नव्हतं.

*

बॅटिंगचं तर विचारूच नका. पहिल्या चेंडूवर माझी दांडी उडाली. अंपायर म्हणाला, "नो बॉल." दुसऱ्यावर विकेटकीपरनं झेल घेतला, आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. "बॅट लागली न्हाई." तिसऱ्यांदा मी अर्ध्या पिचवर असताना बेल्स पडल्या. आता मीच चालायला लागलो, तर बॉलरनं माझा दंड धरून परत नेऊन उभं केलं.

"थांबा की सर, आत्ता तर आलात!"

तीनदा आऊट होऊन मी सतरा रन काढले. टाळ्या पण वाजवल्या मेल्यांनी!

*

मैदानाला लागून सरूमावशीचा हरभरा. तिथं चेंडू गेला की भल्याभल्यांना बुटाची नाडी बांधायची आठवते. मावशी चेंडू देत नाही, आधी विळा दाखवते आणि मग आई-बापाची चौकशी करते. एकदा सगळे एकमेकांकडं बघायला लागले, तेव्हा मी म्हटलं मी जातो. म्हटलं, ही बाई तरी आपल्याला सोडणार नाही!

वीस मिनिटांनी परत आलो. एका हातात चेंडू, दुसऱ्या हातात हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी, पोटात गुळाचा चहा.

"काय म्हनली?" सोपानानं घाबरत विचारलं.

"म्हणाली, सर, तुमी कशाला तरास घेतला."

त्या दिवसापासून चेंडू आणायचं खातं कायमचं माझ्याकडं.

*

आता या सगळ्याच्या वर एक गोष्ट होती, ती म्हणजे यात्रेची टूर्नामेंट. आसपासच्या सगळ्या गावांची, आणि नियम एकच: एक गाव, एक संघ. आधारकार्डावर गावाचं नाव पाहिजे. माझ्या कार्डावर अकोला. त्यामुळं तीन वर्षं मी यात्रेत माईकशेजारी बसून स्कोअर लिहिला. दत्ताभाऊ दरवेळी म्हणायचा, "तुमचं अक्षर लय छान हाय, सर." डोंबलाचं अक्षर!

आमची सोसायटी याच गावच्या हद्दीत येते, म्हणून शेवटी यंदा पत्ता बदलायचा अर्ज भरायला बसलो. वैशाली मागं येऊन उभी राहिली. मला वाटलं काहीतरी टोमणा मारेल. ती म्हणाली, "मंग आता आपण अकोल्याचे नाही काय?"

मी गज्याला फोन लावला. तो म्हणाला, "करून टाक बे. इथं तरी खेळाले कोण राह्यलं? आपल्या ग्राउंडवर मंगल कार्यालय झालं."

फोन ठेवला. त्या ग्राउंडच्या कोपऱ्यातलं कडुनिंबाचं झाड ठेवलं की तोडलं, हे विचारायचं राहून गेलं. अजून विचारलेलं नाही, धीर होत नाही.

अर्ज भरला. नवं कार्ड दत्ताभाऊला दाखवलं. त्यानं ते लांब धरून वाचलं. "दिनेश व्हय तुमचं नाव? आमाला म्हाईतच न्हाई, सर!"

*

आणि हा यात्रेतला. भाजे गावच्या टीमबरोबर मॅच, यात्रेच्या मैदानावर. सगळं गाव बांधावर, सरूमावशीसुद्धा. शेवटचा चेंडू, त्यांना तीन रन हवेत. बॅट्समननं उंच मारला आणि चेंडू सरळ माझ्याकडं आला. मला पळावंसुद्धा लागलं नाही. दोन्ही हातांत आला, हातांतून निसटला, बुटावर आपटला आणि गडगडत बांधापलीकडं गेला. चौका. हरलो.

मी खाली मान घालून उभा राहिलो. मला हरल्याचं तर वाटत होतंच, पण आता ते 'असू द्या, सर' ऐकावं लागणार, याचीच जास्त धास्ती होती.

दत्ताभाऊ पिचवरून तडक माझ्याकडं धावत आला. डोकीवरची टोपी काढून माझ्या पायाशी आपटली.

"आरं ए दिन्या! डोळं फुटल्यात का तुजं? लाडू व्हता रं लाडू! आमची आजी धरती तो कॅच! घरनं झोपून आलतास व्हय रं, मुडद्या?"

मागून सोपाना सुरू झाला. मग विकेटकीपर. मग बांधावरची पोरं, म्हातारी, सगळीच. पार मोटारसायकलीपर्यंत माझ्यामागं शिव्या येत होत्या.

संध्याकाळी घरी पोहोचलो तर वैशाली दारातच उभी.

"जिंकले काय?"

"नाही गं, माझ्यामुळं हरलो," मी म्हणालो आणि यात्रेतून आणलेला जिलेबीचा पुडा तिच्या हातात दिला.