बाळ किती टक्के वाढलं?

गेल्या महिन्यात शेजारच्या प्रज्ञाच्या सासूबाई शिरपूरहून आल्या, त्या डब्याचं दूध घेऊनच. मालेगावात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. डबा ओट्यावर आपटला तो माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला…

प्रज्ञा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, जन्माचं वजन एक किलो आठशे. आता दीड महिन्यात दोन किलो सातशे झालं होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी स्पष्ट सांगितलं होतं, वजन छान वाढतंय, अंगावरचंच पाजा.

पण सासरी थोरल्या जावेलाही बाळ झालेलं, आठवडाभराच्या फरकानं. तीन किलोचं. मग तुलना व्हायचीच…

प्रज्ञाची आई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला आहे, रात्रीचं जेवण उरकून येते. म्हणून ही पोर दुपारनंतर बाळ घेऊन माझ्याकडे बसायची. मी काही गप्पा मारणारी बाई नाही. ती पाजायची, मी पेपर वाचायचे. एवढंच.

त्या दिवशी मात्र रडतच आली. मागोमाग सासूबाई.

"मॅडम, आता तुमीच सांगा. थोरलीचं पोट्टं किलोभर वाढलं, इचं नऊशे ग्राम. दूदच पुरत नसन ना इचं. डबा चालू कर म्हनलं तं रडून राह्यली."

"काकू, मी मोबाइलवर काढलं," प्रज्ञा नाक पुसत म्हणाली. "तेहतीस टक्के वाढलं. ते कमी आहे का?"

मी मोबाइल हातात घेतला. तिनं नऊशेला सत्तावीसशेनं भागलं होतं. ही चूक मी नोकरीभर पाहिली. मी सरकारी कार्यालयात सांख्यिकीच्या टेबलावर बसायचे, तेव्हा चांगले शिकलेले साहेबसुद्धा हेच करायचे…

"भागायचं जुन्या आकड्यानं," मी म्हटलं. "जिथून निघालीस त्यानं. जिथं पोचलीस त्यानं नाही." जरा कडकच बोलले. माझा आवाज तसाच आहे.

हिशोब सरळ आहे. नव्यातून जुनं वजा करा, उरेल त्याला जुन्यानं भागा, शंभरानं गुणा. सत्तावीसशेतून अठराशे गेले, उरले नऊशे. नऊशे भागिले अठराशे म्हणजे अर्धा… पन्नास टक्के. थोरलीचं बाळ तीनाचं चार किलो झालं. एक भागिले तीन. तेहतीस टक्के ते आहे.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "टक्क्यानं पोट भरते का मॅडम? काट्यावर तं शंभर ग्राम कमीच हाय."

बाई चुकीचं बोलत नव्हत्या. काट्याचंही खरंच होतं. मी विचारलं, "घरी बकऱ्या आहेत?"

"हायेत ना. काहून?"

"समजा एकीला जुळी झाली. एक पिल्लू दीड किलोचं, एक तीन किलोचं. पुढं दोघंही दीड-दीड किलो वाढली. जास्त अंगी कोणी लावलं?"

"लहान्यानं," त्या लगेच म्हणाल्या. "ते तं दुप्पट झालं. मोठं नुसतं दीडपट." नातवाकडे बघत राहिल्या.

"तुमचा नातू जन्मला तेव्हा जेवढा होता, त्याच्यावर आणखी निम्मा वाढलाय," मी म्हटलं. "नुसत्या हिच्या दुधावर."

त्यांनी बाळाला उचलून मांडीवर घेतलं. "बदमाश हाय हा. गुपचूप वाढून राह्यला…" मग सुनेकडे न बघता म्हणाल्या, "थो डबा दुकानात वापस करतो मी. तू पाज." प्रज्ञा रडता रडता हसली. मी चहा टाकला.

चहा पिताना सासूबाईंनीच विषय काढला. "पोट्टं नाजूक हाय म्हनून तीन महिने इतंच ठेवनार होतो. एवढं वाढून राह्यलं तं आता कायले ठेवाचं? पौर्णिमा झाली की नेतो."

हिशोब माझाच होता. प्रज्ञाचा चेहरा एकदम खुलला. नवरा तिकडे, घर तिकडे. तिला आनंद व्हायलाच हवा होता.

पौर्णिमेनंतर नेलं. निघताना सासूबाई जय भीम करून म्हणाल्या, "या मॅडम शिरपूरले." येते म्हटलं. मी कुठं फारशी जात नाही, हे प्रज्ञाला माहीत होतं. तिनं बाळाचा पाय माझ्या हातात दिला, क्षणभर. मग ऑटो गेला.

आता पेपर लवकर वाचून होतो. मुलीचा बंगळुरूहून रविवारी फोन येतो, तिला मी सगळं ठीक आहे सांगते… आणि तसं ठीकच आहे. संध्याकाळी दिवे लावायचेही कधी कधी राहून जातात, इतकंच.

काल बसल्या बसल्या माझाच हिशोब मांडला. प्रज्ञा यायच्या आधी माझ्याकडे दुपारी येणारी माणसं, शून्य. मग झाली दोन. वाढ किती टक्के? निघतच नाही. खाली जुना आकडा लागतो, आणि तो शून्य असला की भागाकारच होत नाही. तो रकाना आम्ही कार्यालयात रेघ मारून मोकळा सोडायचो.

मला मात्र तो मोकळा वाटत नाही. त्यात दीड महिना एक बाळ माझ्या घरी दूध पिऊन झोपलं, आणि त्यासाठी मी या माणसांची आभारी आहे.

प्रज्ञा, हे वाचलंस तर पुढच्या महिन्यात काट्यावरचा आकडा तेवढा पाठव… टक्के माझी मी काढीन.