बिनआवाजाची हार्ड डिस्क

हे मी कुणापुढंही काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, सख्ख्या भावापुढं नाही. एकदा भावकीतल्या लग्नात दोन घोट जास्त झाले आणि ओठांवर आलं, तर उठून तोंड धुऊन आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. सांगताना मी मधूनमधून स्वतःला बरा दाखवायला बघेन. सवय आहे. तिथं मला पकडा.

एका खरेदीपासून सुरुवात करतो. खरेदीचं सांगायला सोपं जातं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बारामतीत आबांचा छापखाना होता आणि मी तिथं कॉम्प्युटरवर बसायचो. गाव पिंपळी, सायकलनं यायचो. लग्नपत्रिका, हँडबिलं, पतसंस्थांचे अहवाल, असलं काम. छपाईचं मशीन मागच्या शेडमध्ये धडधडायचं आणि पुढं कॉम्प्युटरची काचेची खोली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. आबांना वाटायचं, धूळ गेली की कॉम्प्युटर आजारी पडतो. आत दोन मशिनं होती. एकावर मी, दुसऱ्यावर जालिंदरदादा.

दादाच्या मशीनची हार्ड डिस्क जुनी झाली होती. सेव्ह करायला घेतलं की जात्यात खडा अडकल्यासारखी करकरायची आणि वेळ तर इतका खायची की मधे चहा पिऊन व्हायचा. एक दिवस आबा वैतागले. मला म्हणाले, "तू कोर्स केलेला हायेस. पुण्याला जा आन् चांगली बघून आण."

गेलो. दुकानदारानं टेबलावरच्या उघड्या मशीनला एकेक डिस्क जोडून दाखवली. मी प्रत्येकीला कान लावला — अगदी डॉक्टर छातीला लावतो तसा. एक होती ती झपाट्यानं काम करायची, पण बोलकी. काही लिहायचं झालं की टकटक, टकटक. दुसरी तेवढीच वेगवान, आणि गप्प. कान टेकवला तरी नुसती बारीक घरघर, ती काम करताना आणि रिकामी असताना सारखीच. थोडी महाग होती. दुकानदार हसला, म्हणाला, "छापखान्यात कशाला पाहिजे शांत? मागं मशीन धडधडत असेल की!" मी म्हणालो, मालकांचं डोकं दुखतं आवाजानं.

आबांचं डोकं कधीच दुखत नव्हतं. ते मशीनशेजारी खुर्ची टाकून दुपारची झोप काढायचे.

मग मला ती गप्प डिस्क का हवी होती?

आता दादाबद्दल सांगायला हवं. जालिंदर डाळजचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याच्या वडलांनी मेंढरं राखली, मग थोडी जमीन भिजायला लागली तशी शेती धरली. खुर्चीत बसून, पंख्याखाली, बोटांनी काम करणारा घरातला हा पहिला. गावात त्याला 'कॉम्प्युटर' म्हणायचे. म्हणजे नावच पडलं होतं. 'कॉम्प्युटरची पोरगी', 'कॉम्प्युटरचं घर'. त्याला ते फार आवडायचं. जरा जास्तच आवडायचं. टायपिंग त्याचं बघत राहावं असं, बोटांकडं न बघता, सरसर. आणि माझं काही चुकलं की गिऱ्हाइकासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा, हसायचा, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचा, "शिकंल, शिकंल हळूहळू."

तो हात मला सहन व्हायचा नाही. बघा — हे मी कारण म्हणून पुढं करतोय. धरू नका. डोक्यावर हात ठेवला म्हणून कुणी एवढं करत नाही.

त्याचे डोळे जात होते, हे मी सगळ्यांच्या आधी ओळखलं. तो कागद नाकाला लावून वाचायचा. पडद्यावर अक्षरं दुप्पट-तिप्पट मोठी करून ठेवायचा. आबांना वाटायचं, माणूस कामात बारीक आहे. मला संशय आला तेव्हा मी एक खेळ सुरू केला. चहा आला की त्याचा ग्लास उचलून चार बोटं लांब ठेवायचा. दुसऱ्या दिवशी आणखी चार बोटं. त्याचा हात नेहमीच्या जागी जायचा, रिकामा थांबायचा, मग टेबलावरून सरपटत ग्लास शोधायचा. मी शेजारी बसून बघायचो. मला मजा वाटायची. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही. मजाच.

एकदा ग्लास कलंडला. चहा कीबोर्डवर जाता जाता राहिला. तेव्हा त्यानं मला सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरनं बघितलं होतं. डोळ्याचा पडदा वाळत चालला होता, औषध नव्हतं. समोरचं मोठं तेवढं दिसायचं, बारीक आणि कडेचं पुसलं जायचं, आणि दिवस मावळला की काहीच नाही. म्हणून तर तो रोज उजेडातली एसटी पकडायला पळायचा. म्हणाला, "कुनाला बोलू नगंस. आबांना कळलं तर बाइंडिंगला बसवत्याल पोरांत. गावात काय तोंड दावू?" मी म्हणालो, "आईशपत न्हाय बोलणार, दादा."

आणि बोललो नाहीच. शपथ पाळली. मी फक्त डिस्क निवडली.

कारण मला माहीत होतं, दादा ते मशीन कानानं चालवत होता. सेव्ह चालू असताना पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं, ते त्याला दिसत नव्हतं. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारका तांबडा दिवा काम संपेपर्यंत लुकलुकतो, तोही दिसत नव्हता. त्याला करकर ऐकू यायची. करकर थांबली की काम झालं. मग तो बटण बंद करायचा. आबा ज्या आवाजाला वैतागले होते, त्यावर एका माणसाची नोकरी उभी होती आणि ते जगात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातला एक खरेदीला गेला.

नवी डिस्क बसवली त्या दिवशी आबा खूश. "मांजर बसल्यावानी गप हाय की!" दादानं काहीतरी टाइप केलं, सेव्ह केलं, आणि मान कलती करून थांबला. थांबलाच. मग हळू आवाजात म्हणाला, "बंद पडली का काय रं?"

"न्हाय दादा. चालू हाय. नवी हाय ना."

त्या दिवसापासून तो मला विचारायला लागला. "झालं का रं?" — सहज विचारल्यासारखं, दुसरीकडं बघत. मी बघून सांगायचो, "झालं." खरं सांगायचो. पण लगेच नाही. संध्याकाळी त्याच्या एसटीची वेळ झाली की मी मुद्दाम उशीर करायचो. दिवा विझलेला असायचा आणि मी गप्प. त्याचा हात बटणावर ठेवलेला, बोटं अधीर झालेली, बाहेरचं ऊन उतरत चाललेलं. परत विचारायची लाज वाटायची त्याला. मग केव्हातरी मी म्हणायचो, "झालं," आणि तो पळायचा. माझ्याहून वरिष्ठ असलेला, माझ्या डोक्यावर हात ठेवणारा माणूस माझ्या एका शब्दावर अडून बसायचा. तुम्हाला कधी असं मिळालंय काही? मिळालं असतं तर सोडलं असतं?

तेवढ्यात आबांनी इंदापूरला शाखा काढायचं ठरवलं. सांभाळायला जालिंदर, कारण डाळजहून त्याला सोयीचं. ठरलंच होतं जवळजवळ. मला हवी होती ती जागा. पण खरं सांगू? इंदापूर नसतं तरी मी तेच केलं असतं. इंदापुरामुळं फक्त दिवस ठरला.

इंदापूरच्याच एका शाळेची स्मरणिका हातात होती. देणगीदारांची नावं, जुन्या विद्यार्थ्यांचे लेख, जाहिराती. दादानं कित्येक दिवस खपून सगळी टाइप केली होती, स्कॅन केलेले फोटोही त्याच फाइलीत घातले होते. समारंभ तोंडावर आला होता. फाइल एवढी फुगली होती की नव्या डिस्कलासुद्धा सेव्ह करायला वेळ लागायचा. तिची जादा प्रत फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायचं काम माझं. त्या आठवड्यात ते राहून गेलं — बघा, पकडा. राहून गेलं नाही. फ्लॉप्या संपल्यात, असं मी आबांना आधीच सांगून ठेवलं होतं. कपाटात डबा भरलेला होता.

संध्याकाळ झाली. दादानं सेव्ह केलं. तांबडा दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"झालं का रं?"

मी दिव्याकडं बघत होतो. नीट, डोळे उघडे ठेवून. म्हणालो, "झालं."

त्यानं बटण दाबलं. दिवा विझला. "चलतो," म्हणाला, चपला पायानंच चाचपून घातल्या आणि गेला.

जुन्यावर नवं लिहिलं जात असताना वीज तुटली की दोन्हीही जातं. सकाळी फाइल उघडेना. आबांनी आख्खा छापखाना डोक्यावर घेतला. शाळेचे मुख्याध्यापक आले, नाही नाही ते बोलले, आपले कागद उचलून दुसऱ्या छापखान्यात गेले. आबा दादाला म्हणाले, "येवढा तांबडा दिवा पेटलेला दिसत न्हवता व्हय रं तुला?"

दादानं तोंड माझ्याकडं वळवलं. म्हणजे मी उभा होतो त्या जागेच्या जरा डावीकडं. 'यानं सांगितलं झालं म्हणून' एवढंच म्हणायचं होतं त्याला. पण मग आबा विचारणार — तू का बघितला नाहीस? माझं नाव घ्यायचं तर स्वतःचे डोळे उघडे पाडावे लागणार होते. ते मी आधीच जोखलेलं होतं. तो म्हणाला, "घाई झाली, आबा. चुकलं माझं."

आबांनी त्याला कॉम्प्युटरवरून उठवलं. मागच्या शेडमध्ये, पोरांच्या रांगेत, पत्रिका घड्या घालायला बसवलं. ज्याला भीत होता तेच झालं. इंदापूर मला मिळालं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच कबुलीजबाब. नाही. एवढंच असतं तर आजवर कुणाला तरी सांगून टाकलं असतं. जागेसाठी माणसं काय काय करतात, लोक माफही करतात. पुढचं सांगवत नाही.

इंदापूरला जायच्या आदल्या दिवशी दादानं मला मागच्या नळापाशी गाठलं. हाताला खळ लागली होती, ती धूत होता. म्हणाला, "एक इचारू का? राग न्हाय माझा. आबांना सांगणार न्हाय. त्या दिशी तू 'झालं' म्हणलास का न्हाय?"

मी रुमाल काढून कोरडेच हात पुसले.

"चुकून म्हणलास तरी चालंल. माझं म्हणणं येवढंच हाय, मला बराबर ऐकू आलं का न्हाय ते सांग. डोळं तर चाललं. आता जे हाय ते कानावरच हाय बघ."

काय अडलं होतं माझं? जागा माझी झाली होती. तो कुठं बोलणार नव्हता. 'चुकून' हा शब्दसुद्धा त्यानंच माझ्या हातात ठेवला होता. मी नुसता उच्चारायचा होता. तो मला काही मागतच नव्हता. आपले कान तरी शाबूत आहेत का, एवढं विचारत होता.

मी म्हणालो, "न्हाय दादा. मी काय बोललोच न्हाय. तुमाला भास झाला आसंल."

आणि तेवढ्यावर थांबलो नाही. आवाजात माया आणून म्हणालो, "ह्याच्या आदीबी दोन-तीनदा झालंय तसं. कुनी बोललेलं नसतंय आन् तुमी व्हय म्हणता. मी म्हणलं, उगं कशाला तुमच्या जिवाला घोर लावा."

तो म्हणाला, "आसं व्हय." नळ बंद केला. पाणी थांबलं होतं, थेंबाचाही आवाज नव्हता. तरी त्यानं नळाखाली हात धरून बघितला.

हे केलं मी. का केलं, ते शोधायला गेलो की हाताला काहीच लागत नाही.

पुढं काही महिन्यांनी पुण्याहून सामान घेऊन एसटीनं इंदापूरला परत चाललो होतो. भिगवणला गाडी थांबली; बारामतीहून डाळजला जाणारा तिथं गाडी बदलतो. मी दारालगतच्या खिडकीशी होतो. खाली कंडक्टर ओरडत होता, "डाळज, पळसदेव, इंदापूर!" दादा त्याच्यापासून दोन पावलांवर उभा होता. त्यानं भाजीची पाटी घेतलेल्या बाईला विचारलं, "ही डाळजला जाती का?" ती व्हय म्हणाली. मग त्यानं एका म्हाताऱ्याला विचारलं. मग एका कॉलेजच्या पोराला. पोरगं हसलं, म्हणालं, "आवो बाबा, आत्ताच तर वरडला त्यो." सगळे चढले. दादानं दाराच्या दांडीला हात घातला, मान कलती करून थांबला, आणि हात काढून घेतला. मागं सरून उभा राहिला. त्याच्या तोंडावर ऊन होतं आणि ते उतरत चाललं होतं.

घंटी वाजली, गाडी हलली. हात बाहेर काढला असता तर त्याच्या खांद्याला लागला असता. शेजारी नुकत्याच बसलेल्या माणसानं मला विचारलं, कुठपर्यंत? मी अगदी हळू म्हणालो, "इंदापूर," — त्याला माझा आवाज ओळखू येऊ नये म्हणून.