राखेच्या भिंतीला सिमेंटचा हात

आज खरंच थकले, मंडळी.

खाप्याच्या रस्त्यावर आमचा कारखाना आहे. कंपाउंडसाठी सिमेंटच्या तयार पाट्या ओततो. मी माल तपासते. सिमेंट कमी लागावं म्हणून या वेळी मी हट्टानं वीज केंद्राची राख मिसळायला लावली. तो माल सावकाश पक्का होतो, म्हणून अठ्ठावीस दिवस मालकांची बोलणी खाल्ली. सकाळी चाचणी झाली. मजबुतीत पास!

दुपारी शहरातून, सदरहून गिऱ्हाईक आलं. "मॅडम, हे काळपट काहून दिसून राहिलं? राख भरली का? मले नाही पाहिजे."

राख आहेच, म्हटलं, आणि रिपोर्ट पुढे केला. त्यांनी हातातही घेतला नाही.

आमचे जुने मिस्त्री रामटेकेकाका हळूच म्हणाले, "कायले डोकं खराब करता मॅडम? वरून सिमेंटचा पातळ घोळ मारून देतो, साजऱ्या दिसतीन."

एका पाटीवर मारलाही. उन्हात चहा होईस्तोवर वाळला.

गिऱ्हाईकानं बोटानं ठोकून पाहिलं. "हां, आता मजबूत वाटते. सगळ्याइले मारा."

महिनाभर वाचवलेलं सिमेंट उद्या मीच उभं राहून फासून घेणार आहे.

खरं सांगा, तुम्ही तरी रिपोर्ट वाचला असता का?