सुपभर कोंडा

देवाबद्दल लिहायला बसले आहे, पण त्या वर्षी शिवरात्रीला मार्कंड्याच्या महादेवाला निघाले तेव्हा माझी त्याच्यावर काडीची श्रद्धा उरली नव्हती. उरावी तरी कशी? लहानपणापासून मी त्याच्याकडे एकच गोष्ट मागत आले होते, माझ्या आईनं एकदा मला जवळ घ्यावं. बत्तीस वर्षांत त्याला तेवढंही जमलं नव्हतं. आता आई म्हातारी होऊन माझ्याच घरी राहायला आली होती, माझ्याच भाताला नावं ठेवत होती, आणि शेजारणींना सांगत होती की आपण परक्याच्या घरी राहतो. ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हे परकेपण काय, ते आधी सांगते. माझ्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली होती. अशा घरी पुढचं मूल झालं की आमच्याकडे त्याला उकिरड्यावर ठेवतात, सुईण ते उचलते आणि सुपभर कोंडा देऊन आईकडून विकत घेते. काळाला वाटावं की हे लेकरू या घरचं नाही. पुढे लेकरू पाच वर्षांचं झालं की सुईण देवासमोर कोंडा परत घेते आणि लेकरू परत देते. सगळ्यांना ठाऊक असतं की हा देखावा आहे. बाकीच्या बाया सुईण अंगण ओलांडते न ओलांडते तोच लेकरू पदराखाली घेतात. माझ्या आईनं मात्र मला पाजलं तेही दुसऱ्याचं मूल पाजावं तसं. माझी वेणी काकूनं घातली. ताप आला की काकू उशाशी असायची आणि आई उंबऱ्यात. सात वर्षांची असताना मी बोडीत, म्हणजे शेताजवळच्या तळ्यात, पडले. नाकातोंडात पाणी जात होतं, आणि बांधावर आई उभी होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. ओरडत होती, पण हात पुढे केला नाही. शेतातला गडी धावत आला म्हणून वाचले. ते पदरातले हात मी कधी विसरले नाही.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची. एका दुपारी पायात काटा रुतला म्हणून ती रडत माझ्या मांडीवर चढायला आली, आणि माझ्या हातानं तिला बाजूला सारलं. मी काही ठरवलं नव्हतं, हात आपोआप गेला. पोर पुन्हा जवळ आली नाही, गुपचूप उंबऱ्यात जाऊन बसली. तिला तिथे बसायला कोणी शिकवलं नव्हतं. मी इतकी घाबरले की त्या रात्री जेवले नाही. पोरीलाही आपण हेच देणार का? आमचे हे शाळामास्तर, बोलायला कमी. त्यांनी एवढंच म्हटलं की शिवरात्रीला मार्कंड्याला जाऊन येऊ. मी म्हटलं, त्या दगडाला काय सांगायचं राहिलं आहे आता? पण गेले. आईही भाड्याच्या बैलबंडीत चढून बसली, न विचारता, आणि वाटभर बंडी आदळते म्हणून बडबडत राहिली.

वैनगंगेच्या वाळूत यात्रा उतरली होती. बंडीवानानं बैल सोडले आणि हे पोरीला घेऊन दर्शनाच्या रांगेत गेले. उपास आणि ऊन, दोन्हीनं आईला भोवळ आली. जवळच एक ढीवराची, मासेमाराची, म्हातारी डोंग्याच्या, लाकडी होडीच्या, सावलीत जाळं दुरुस्त करत बसली होती. तिनं सरकून जागा दिली, पाणी दिलं, आणि सहज विचारलं, "लेक हाय काय तुयी?"

"नाई," आई म्हणाली, "परक्याची हाय."

झालं. माझा तोल गेला. भर यात्रेत, अनोळखी बाईसमोर, मी पंचवीस वर्षं गिळलेलं बोलले.

"परक्याची तं परक्याची. पण मी बोडीत बुडून राह्यली होती, तवा हात काऊन नाई देल्ला?"

आईनं दोन्ही हात पदरात ओढून घेतले. मग म्हणाली, "हात लावला असता तं तू मेली असती."

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. मला विकत घेणारी सुईण मी चार वर्षांची असताना पटकीनं गेली. कोंडा परत घ्यायला कोणी उरलं नाही, म्हणजे आईच्या लेखी मी विकलेलीच राहिले. आपली म्हणून हात लावला की ही चौथी जाईल, हे तिच्या मनानं घेतलं. कोणाला सांगावं, तर काळ ऐकेल. म्हणून ती मला मोठमोठ्यानं परकी म्हणत राहिली, त्यालाच ऐकवायला.

मला रडू आलं नाही, चीड आली. एवढ्यासाठी? माझं सगळं बालपण एवढ्यासाठी गेलं? पंचक्रोशीत दुसरी सुईण नव्हती? मी आईवर ओरडणार, तेवढ्यात म्हातारीनं जाळं खाली ठेवलं.

"सुईनीचं काम सुईन करते. मी बी सुईनच हाय," ती म्हणाली. "कोंडा आन."

आमच्या बंडीत बैलांसाठी कोंडा होता. शेजारच्या चुलीवरून सूप मागून आणलं. आईनं ते भरून तिच्या ओटीत ओतलं. म्हातारीनं देवळाच्या कळसाकडे पाहिलं, माझा दंड धरला आणि बत्तीस वर्षांची मी, दोन लेकरांची आई, आईच्या मांडीवर बसवली. जवळच्या बाया बघत होत्या. आईचे गुडघे कुरकुरले. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. शेवटी तिनं माझ्या केसांतली एक काडी काढली, मग आणखी एक, आणि मग नसलेल्याही काड्या काढत राहिली. तेव्हा मात्र मी रडले.

दर्शन करून आम्ही त्या म्हातारीसाठी खण घेऊन परतलो तर ती जागेवर नव्हती. दुसऱ्या डोंगेवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, आमच्यात अशी कोणी सुईण नाही, यात्रेला कुठूनही लोक येतात. असेल तसं. मी त्याचा खल करत नाही. तो खण देवासमोर ठेवून आले.

यानंतर आई गोड झाली असं समजू नका. भाताला नावं ठेवणं चालूच होतं. माझाही राग एका दिवसात गेला नाही, कधी कधी अजून येतो. पण ज्याच्यावर मी इतकी वर्षं रुसले होते, त्याच्याकडे मी फक्त आई मागत होते. तीही तिथेच मला मागत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही. आता मागणं सोडलं आहे. दर शिवरात्रीला सुपभर कोंडा घेऊन जाते, महादेवासमोर ठेवते, आणि काय द्यायचं ते त्याच्यावर सोपवून परत येते.

त्या संध्याकाळी परतताना पोर बंडीत पेंगत होती. मी तिला मांडीवर ओढलं तेव्हा माझा हात आधी थोडा अडखळला. बंडीवानानं आईला विचारलं, ही मास्तरीणबाई तुमची कोण?

"कोन म्हंजे?" आई त्याच्यावर खेकसली. "माही लेक हाय."