तात्पर्य संपलं की टाळ्या

आमच्या शाळेत गोष्ट संपली की कोणी टाळ्या वाजवत नाही. तात्पर्य संपलं की वाजवतात. रोज सकाळी परिपाठ होतो. प्रार्थना, सुविचार, मग एक मूल माईकसमोर येऊन बोधकथा वाचतं, शेवटी 'तात्पर्य' म्हणून एक वाक्य सांगतं आणि सगळी शाळा टाळ्या वाजवते. गोष्ट कोल्ह्याची असो की राजाची, ऐकलेली कोणीच नसते. मागच्या ओळीतली पोरं एकमेकांच्या पाठीत बोटं खुपसत असतात, पण तात्पर्य हा शब्द कानावर पडला की हात आपोआप वर येतात. मला या प्रकाराची पहिल्या दिवसापासून चीड आहे. रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या शाळेत मराठी शिकवत इतकी वर्षं काढली, तरी ती तसूभर कमी झालेली नाही.

शाळेत गोष्टींची पुस्तकं होती. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. पुस्तक फाटलं तर जबाबदारी शिक्षकाची, असा नियम. म्हणून कोणी शिक्षक पुस्तक काढायचाच नाही. तपासणीला साहेब आले की कपाट उघडायचं, कोरी करकरीत पुस्तकं पाहून साहेब खूश व्हायचे. मी त्या किल्लीसाठी भांडले. भांडले म्हणजे अक्षरशः भांडले, स्टाफरूममधले चहा पिता पिता थांबले इतकी. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "घ्या बापा, पण फाटलं तं तुमी जाणा." शनिवारचा शेवटचा तास मला मिळाला. आठवीच्या पोरांनी आठवडाभर आवडेल ते पुस्तक वाचायचं आणि शनिवारी उभं राहून मत सांगायचं, एवढं साधं काम.

पहिल्या शनिवारी जो उठला तो एकच पोथी वाचून बसला. "हे पुस्तक मला खूप आवडले. यातून मला चांगला बोध मिळाला. तात्पर्य..." एकानं भुताची कादंबरी वाचली होती. वाचल्यापासून तो संध्याकाळी अंगणातही एकटा जात नाही, हे त्याच्या शेजारच्यानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "तात्पर्य, भुतांवर विश्वास ठेवू नये." वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी जाहीर केलं, "या तासाला जो तात्पर्य सांगेल, तो बाहेर उभा राहील."

मग मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, पुस्तक नाई आवडलं म्हटलं तं मार्क कापसान का?"

"नाही कापणार."

"अन् लय बोगस आहे म्हटलं तं?"

"तर काहून बोगस आहे ते सांगावं लागेल."

त्यानंतर जे सुरू झालं ते मला आवरेना. भूतवाला म्हणाला, भूत लय चांगलं होतं, पण शेवटी ते भूत नव्हतंच, चोर होता असं निघालं, त्यामुळे त्याची फसवणूक झाली आहे. एकीनं विचारलं, प्रत्येक पुस्तकातले भाऊबहीण सुट्टीत मामाच्या गावालाच काहून जातात, आणि मामाच्या गावात राहणाऱ्या पोरांनी कुठं जावं? एका पोरानं हुशार कुत्र्याची कादंबरी कितीतरी वेळा वाचली आणि प्रत्येक वेळी कुत्रा मेल्याचं पान तो दुमडून टाकायचा. ते पान शेवटी फाटलंच. मी चिकटपट्टी लावली आणि मुख्याध्यापकांना सांगितलं नाही, सांगणारही नव्हते.

या सगळ्यात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी कधीच बोलत नव्हती. तिची माय रोजंदारीनं शेतात जायची, सुट्टी असली की तीही मायसोबत जायची. सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी सुरू झाली की तिच्या बोटांवर बारीक बारीक चिरा दिसायच्या. इतर शिक्षकांच्या मते ती शहाणी मुलगी होती, कारण तिचा त्रास नव्हता. मला मात्र तिच्या गप्प बसण्यानं अस्वस्थ व्हायचं. कपाटातली पुस्तकं सगळ्यात जास्त तीच न्यायची, कधी आधीचं परत करायच्या आत दुसरं मागायची. विचारलं, कसं वाटलं, तर "चांगलं आहे मॅडम" एवढंच म्हणायची आणि खाली पाहायची. एकदा मी वैतागून म्हणाले, अगं, तुझ्या पोटात इतकी पुस्तकं गेली, एकाबद्दल तरी तोंड उघड. ती फक्त हसली. या मुलीनं एकदा बोलावं, एवढाच माझा त्या वर्षीचा हट्ट होता.

दिवाळीनंतर शाळेत एका पुस्तकाचे गठ्ठे आले. लेखक आमच्या संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचे मित्र, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आता मुलांसाठी लिहीत होते. प्रत्येक प्रतीवर 'सप्रेम भेट'. लेखक महाशय स्वतः शाळेत येणार, विद्यार्थी त्यांच्यासमोर पुस्तकाबद्दल मत मांडणार, असा कार्यक्रम ठरला. शाळेत सगळ्यांनी ते वाचायचं असं फर्मान निघालं, आणि एरवी पुस्तकं कुलपात ठेवणाऱ्या शाळेनं हे पुस्तक मात्र एकदम पोराबाळांच्या दप्तरात घातलं.

गोष्ट एका गरीब मुलाची होती. त्याची माय मालकाच्या शेतात कामाला. तुरीच्या शेंगा चोरतो मालकाचा गडी, पण मालक आळ तिच्यावर घेतो, सगळ्यांसमोर तिला वाटेल तसं बोलतो. मुलगा शांतपणे हसतो, मन लावून अभ्यास करतो, मोठा अधिकारी होतो, गावात परत येतो आणि त्याच मालकाच्या पाया पडतो. मालकाचे डोळे भरून येतात. पुस्तक संपतं. शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य छापलेलं होतं, म्हणजे आम्हाला तेवढेही कष्ट नकोत.

शनिवारच्या तासाला पोरांनी त्या पुस्तकाची सालटी काढली. त्यात तो मुलगा सोयाबीनच्या गर्द सावलीत बसून अभ्यास करतो असं वाक्य होतं. सोयाबीन माणसाच्या कमरेलाही नीट लागत नाही. "त्या सावलीत कोंबडी बसन मॅडम," एक जण म्हणाला आणि वर्ग हसून लोळला. मीही हसले. मग एका मुलीनं विचारलं, "मॅडम, यातले सगळे पुस्तकासारखं बोलतात. चोरी करणारा गडी एकटाच आपल्यासारखा बोलते. काहून?" या प्रश्नावर मात्र कोणी हसलं नाही. माझ्याजवळ उत्तर होतं, पण ते तेरा-चौदा वर्षांच्या लेकरांना कोणत्या तोंडानं सांगायचं, ते कळेना.

आणि तेव्हा खिडकीजवळची उभी राहिली. कोणी उठवलं नव्हतं.

"मॅडम, त्याले राग काहून येत नाई?"

"कोणाला?"

"त्या पोराले. त्याच्या मायले सगळ्यायसमोर चोट्टी म्हणते मालक, अन् हा हासते. असं कोणी हासते का? मले तं वाचतानीच राग आला. लेखकानं त्याले एकदाबी राग येऊ देला नाई. मले ते पोरगं खरं नाई वाटलं."

ती बसली. मी फळ्याकडे तोंड केलं, कारण माझे डोळे भरले होते. इतकी वर्षं मी पुस्तकांवरचे मोठमोठ्या माणसांचे लेख वाचत आले आहे. त्यातल्या बऱ्याच जणांना पुस्तक लागतच नाही, लेखकाची ओळख पुरते. या पोरीनं पुस्तक वाचलं होतं.

कार्यक्रमासाठी विद्यार्थी निवडायचं काम मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घेतलं. माझ्या बडबड्या पोरांची त्यांना धास्ती होती. त्यांनी हीच मुलगी निवडली. मला म्हणाले, "शांत आहे, पाठांतर चांगलं आहे. देलं तेवढंच बोलन." त्यांनी भाषण लिहून दिलं, तिनं ते पाठ केलं. मी तिला विचारलं, तुला हे बोलायचंय का? ती म्हणाली, "सरायनं देलं आहे न मॅडम."

कार्यक्रमाच्या दिवशी शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षसाहेबांचं लांबलचक भाषण झालं. मग ती माईकसमोर आली. आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग, एक शब्द न चुकता सगळं म्हणाली. बोध म्हणाली, तात्पर्य म्हणाली. टाळ्या झाल्या. ती खाली उतरणार, तोच लेखक महाशय खुर्चीतून पुढे वाकले. त्यांच्या हातात दुसरा माईक होता.

"थांब बाळ. हे तर पाठ केलेलं झालं. आता मनापासून सांग. तुला माझं पुस्तक कसं वाटलं? अगदी खरं खरं."

ती मुख्याध्यापकांकडे पाहू लागली. मग माझ्याकडे. मी 'सांग' म्हणून मान हलवली. का हलवू नये? माणूस स्वतःच्या तोंडानं विचारत होता.

तिनं सांगितलं. वर्गात बोलली होती तेच, त्याच शब्दांत, कुठंही उद्धटपणा नाही. त्याले राग काहून येत नाई सर, असं तिनं थेट त्यांनाच विचारलं. पोरांमध्ये खसखस पिकली. लेखक महाशय हसले, "आजकालची मुलं फार धीट झाली आहेत," म्हणाले आणि माईक खाली ठेवला. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलंच नाही. एका आठवीतल्या पोरीनं आपलं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचून, त्यातल्या पोराची काळजी करून एक प्रश्न विचारला आहे, यापेक्षा लेखकाला दुसरं काय पाहिजे असतं? पण त्यांना पोहे पाहिजे होते. पोहे खाता खाता ते अध्यक्षसाहेबांना म्हणाले, "शाळेत शिस्तीकडे जरा लक्ष द्या." मी बशी हातात घेऊन मागेच उभी होते.

सोमवारी मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. मुलीनं परिपाठात सगळ्या शाळेसमोर माफी मागायची, अध्यक्षसाहेबांची तशी इच्छा आहे. नाहीतर शनिवारचा तास बंद आणि किल्ली परत.

"सर, त्यांनी विचारलं, तिनं सांगितलं. माफी कायची?"

"मॅडम, विचारणारा मोठेपणानं विचारते. ऐकणाऱ्यानं समजून घ्या लागते. लहान तोंडी मोठा घास कायले पाहिजे?"

"मग मी मागते माफी. तास माझा आहे, मान मी हलवली होती."

"तुमची नाई पाहिजे. तिचीच पाहिजे."

मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. पण अध्यक्षसाहेबांचा फोन आला की उभं राहून बोलायचे, आणि समोर माणूस नसताना उभं राहणाऱ्याकडून मी काय अपेक्षा करायची? मी संस्थेच्या कार्यालयात जायला निघाले. फाटकाशी ती मुलगी उभी होती. तिला सगळं कळलं होतं, शाळेत भिंतींना कान असतातच.

"मॅडम, मी मागतो न माफी. तुमी कायले भांडता?"

"तू काही चूक केलेली नाहीस."

"मले मालूम आहे. पण कपाट बंद होईन न मग."

मला त्या क्षणी अध्यक्षसाहेबांचा, लेखकाचा, मुख्याध्यापकांचा, शालीचा आणि श्रीफळाचा भयंकर राग आला, पण तिचं कपाट बंद होऊ द्यायचा धीर झाला नाही आणि मी फाटकातूनच परत फिरले. ज्या पोरीनं महिन्यांमागून महिने काढून एकदा तोंड उघडलं, तिच्याच तोंडून ते मागे घ्यायला लावायचं? आता ही पुन्हा कधी बोलणार नाही, हे मी मनात पक्कं धरून चालले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली, सुविचार झाला. बोधकथेच्या जागी ती माईकसमोर आली. मुख्याध्यापकांनी लिहून दिलेलं पाठ होतंच. मी केलेल्या वक्तव्यामुळे आदरणीय लेखक महोदयांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी त्यांची मनापासून माफी मागते. आवाज स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुख्याध्यापक समाधानानं मान डोलावत होते. तिनं आता खाली उतरायचं होतं.

ती उतरली नाही. माईक तसाच धरून म्हणाली, "तात्पर्य."

मुख्याध्यापकांची मान थांबली.

"मोठा माणूस कायबी म्हणो, राग आला तरी हासावं. पुस्तकातल्या पोरासारखं."

आणि ती हसली. दात दिसतील इतकं, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो पोरगा हसतो तसं, आणि तशीच उभी राहिली.

सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. पहिलीपासून दहावीपर्यंत, रोजच्या सवयीनं, कडकडून. मुख्याध्यापकांनीही वाजवल्या. मग काय ऐकलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि लिंबाच्या झाडाकडे पाहत राहिले. माफी मागितली नाही असं त्यांना म्हणता येत नव्हतं. तात्पर्य सांगू नको असं तर या शाळेत माझ्याशिवाय कोणी कधी म्हटलेलंच नव्हतं.

किल्ली माझ्याकडेच राहिली. शनिवारी शेवटच्या तासाला मी वर्गात शिरले तर खिडकीजवळची आधीच उभी. हातात जाडजूड कादंबरी, बोटांवर त्या बारीक चिरा.

"मॅडम, हेबी नाई आवडलं," ती म्हणाली. "तुमी बसा. सांगतो."