कोर्टात मारुती

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, अकोल्यात वकील होते. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते पुराव्यानिशी सांगत. एका धुळवडीला मी अमरावतीहून त्यांच्याकडे गेलो होतो. कुण्या पक्षकाराने थंडाई पाठवली. तिच्यात भांग आहे हे आम्हाला दुसरा पेला रिकामा झाल्यावर कळलं, आणि तेव्हा त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

दुपारी आम्ही जुन्या शहरातल्या टॉकीजमध्ये जाऊन बसलो. सिनेमा एका खुनाच्या खटल्याचा होता. ऑपरेटरनेही सण साजरा केला असावा. आरोपी आधी फासावर गेला, मग त्याचं लग्न लागलं. ऐन उलटतपासणीत सकाळच्या पौराणिक खेळाचं रीळ लागलं. न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" आणि पडद्यावर मारुती हात जोडून म्हणाला, "प्रभू, लंका मीच जाळली."

भाऊजी उभे राहिले. "कबुली झाली. आता साक्षीदार कायले पाह्यजे?"

सगळं टॉकीज हसून आडवं झालं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "भांगेमुळे तसं दिसलं की खरंच तसं होतं, हे तपासलं पाहिजे." आम्ही गेलो. कालची बरीच मंडळी तपासायला आली होती. सिनेमा मात्र सरळ चालला आणि कुणी हसलं नाही. मध्यंतरात सगळे मॅनेजरच्या खोलीत शिरले. मॅनेजर म्हातारे, अदबशीर मियाँ होते.

"मारुती कुठी गेला?" एकाने विचारलं.

"ग़लती हो गई थी जनाब, दुरुस्त कर दी."

"तुमाले कोणं सांगतलं दुरुस्त कराले?"

ऑपरेटरला आदल्या दिवशीचं काहीच आठवत नव्हतं. शेवटी भाऊजींनी खोलीत उभं राहून क्रम लावून दिला: फाशी, लग्न, मारुती. त्यानंतर रोज दुपारी तोच खेळ. बाळापूरहून लोक येऊ लागले. भांगेला कधी न शिवलेली ताईसुद्धा येऊन डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग पौराणिक सिनेमाच्या रिळांची पेटी परतवाड्याच्या टॉकीजला गेली. भाऊजी मला आणि चार अशिलांना घेऊन बसने तिकडे पोचले. तिथला ऑपरेटर शुद्धीत होता. लंका रीतसर जळली, राम रीतसर अयोध्येला आले. आम्ही शेवटपर्यंत न्यायाधीशांची वाट पाहत बसलो.

परतीच्या बसमध्ये भाऊजींनी सिनेमाची तिकिटं नीट घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "खटल्याशिवाय त्यात काही दम नाही."