समुद्रावरून आणलेली निमी

लग्नाला आठ महिने झाले असताना मी माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या पाच मुलांचा एका सकाळी चमनगोटा करवला. रागाने नव्हे, प्रेमाने! (हे 'प्रेमाने' मला आजही दोनदा सांगावं लागतं, तेव्हा कुठे ऐकणाऱ्याला पटतं.)

साठ सालाच्या आगेमागची गोष्ट. आम्ही तेव्हा मद्रासला ट्रिप्लिकेनमध्ये राहत होतो. समुद्रापासून दहा मिनिटांची वाट, घराची वरची माडी, पुढे एवढीशी गॅलरी. दोघे भाऊ, म्हणजे माझे मोठे दीर आणि आमचे हे, रेल्वेच्या कचेरीत. मोठ्या जाऊबाईंना मी वहिनी म्हणायची. त्या नुकत्याच सातव्यांदा बाळंत झाल्या होत्या. त्यांची आई साताऱ्याहून यायची होती, पण ऐन वेळी ती मागच्या दारी घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला. त्यामुळे बाळंतीण, तान्ही मुलगी आणि आधीची सहा मुलं असा अख्खा कारभार माझ्या ताब्यात आला. माझं वय एकवीस. अनुभव म्हणाल तर माहेरी एक मांजर सांभाळलं होतं. तेही पुढे शेजाऱ्यांकडे राहायला गेलं.

पाडव्याला चार दिवस होते. मागचा कडुलिंब फुलून आला होता. त्याचा मोहोर गच्चीवर झरझर पडायचा, आणि खालच्या घरमालकीण यमुनाक्का तो सुपात गोळा करून रसमसाठी वाळवायच्या. या यमुनाक्का तंजावरच्या मराठी. त्यांची मराठी आमच्या खापरपणजीच्या काळातली, आणि हेल मात्र अस्सल तमिळ. दोन्ही बाजूंनी आदर वाटावा अशी!

तर त्या फाल्गुनात शाळेतून बंडूने घरी उवा आणल्या. बंडू हा नऊ वर्षांचा, मुलग्यांतला थोरला. त्याने भावंडांपासून कधी काही लपवून ठेवलं नव्हतं, उवाही ठेवल्या नाहीत. अरुण, विजू, चार वर्षांची निमी, अडीच वर्षांचा बाळ्या, सगळे दोन्ही हातांनी डोकी खाजवत बसलेले. वर उकाड्याने घामोळं. मला आतल्या खोलीतल्या तान्हीची काळजी! मी यमुनाक्कांकडे धावले.

"मोट्टै करीव, ग," त्या शांतपणे म्हणाल्या. "येथें उन्हाळ्यांत सर्व लेंकरांस करतात. वर चंदन लाव. डोकें थंड, आईही थंड."

मोट्टै म्हणजे तुळतुळीत टक्कल. त्यांनीच त्यांचा न्हावी बोलावला. त्याने मुलं ओळीने बसवली आणि तासाभरात पाच नारळ सोलून ठेवले. थोरली कुसुम, अकरा वर्षांची, तेवढी दोन्ही वेण्या मुठीत घट्ट धरून संडासात कडी लावून बसली, म्हणून वाचली. निमी मात्र स्वतःहून पाटावर जाऊन बसली होती. भावांचं झालं ते आपलं व्हायलाच हवं, हा तिचा बाणा. टक्कल झाल्यावर तिने फ्रॉकही नाकारला आणि विजूची खाकी चड्डी नि बनियन चढवलं.

मी पाची डोक्यांना चंदन थापलं आणि मोठ्या कौतुकाने मुलं वहिनींच्या दारात उभी केली. वहिनी शेगडीपाशी निजल्या होत्या. (मद्रासच्या उकाड्यात शेगडी! पण बाळंतिणीला शेक हवा, असं साताऱ्याहून पत्र होतं.) त्यांनी एकेकाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"सुमन," त्या म्हणाल्या, "माझी निमी यातली कुठली?"

"तिसरी," मी म्हणाले. "नाही, चौथी."

वहिनींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत की हसतायत, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पापक्षालन म्हणून मी संध्याकाळी जाहीर केलं, "मी मुलांना समुद्रावर नेते. वहिनी, तुम्ही दोन तास निवांत झोपा!"

कुसुम आईजवळ थांबली आणि मी पाच टकली घेऊन निघाले. वाळूवर पोचले आणि पाहते तो काय, सगळं मद्रास मोट्टै करून समुद्रावर आलेलं! उन्हाळा लागला होता, जवळ देऊळ होतं, तिथे नवस फेडून लोक तसेच वाऱ्याला आले होते. जिकडे बघावं तिकडे चंदनाचे गोटे चकाकत होते. आमची मुलं धावत सुटली आणि शेजारच्या एका मोठ्या तमिळ कुटुंबाच्या मुलांनी खणलेल्या खड्ड्यात जाऊन पडली. त्यांच्यातही चार मोट्टै. पाच मिनिटांत सगळी कमरेपर्यंत ओली आणि वरून वाळूत घोळलेली, थेट अनारशासारखी. मी उकडलेल्या वाटाण्यांचं सुंडल घेतलं. त्यावर कैरीचे तुकडे, खोबरं. पुढे आलेल्या प्रत्येक हातावर चिमूट चिमूट ठेवलं. हात पाचांपेक्षा जास्त पुढे येत होते, पण लहान मुलांच्या हाताला नाही कोण म्हणणार?

अंधारून यायला लागलं तशी मी ओरडले, "चला, घरी! एकमेकांची बनियनं धरा!"

आगगाडी तयार झाली. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा उलटं मोजलं. पाच. बाळ्याला कडेवर घेतलं आणि निघाले. मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं म्हणून सांगू! पाच मुलं नेली, पाच परत आणली, एकही रडलं नाही.

रस्त्यात बंडू म्हणाला, "काकू, निमी..."

"आता बोलायचं नाही! रस्ता ओलांडायचाय!"

जिन्यात तो पुन्हा म्हणाला, "काकू, पण निमी..."

"हळू! बाळ झोपलंय!"

घरी पोचतो तो वीज गेलेली, आणि दोघे भाऊ अजून कचेरीतच. कंदिलाच्या उजेडात मी सगळ्यांचे हातपाय धुतले, पंक्तीला बसवलं आणि दहीभात वाढला. आणि तिथे चमत्कार झाला. निमी, जिच्या घशाखाली चार घास उतरवायला आम्हाला चिऊ, काऊ, शिपाई आणि शेवटी बागुलबुवा बोलवावा लागायचा, ती निमी मुकाट्याने भात ओरपत होती! ताट पुढे सरकवलं, मी वाढला. पुन्हा सरकवलं, पुन्हा वाढला.

"तण्णी," ती म्हणाली. मी पाणी दिलं. आमची मुलं खेळताना सर्रास तमिळ बोलत, त्यामुळे मला काहीच वाटलं नाही.

मी तशीच आतल्या दाराशी धावले. "वहिनी! निमीनं तीनदा भात घेतला!"

"कुणी?"

"निमीनं! समुद्राची हवा मानवली हो तिला!"

"सुमन," वहिनींचा आवाज बदलला. "तिला ताप आहे का बघ. आण इकडे."

मी भाताने माखलेलं ते ध्यान उचलून वहिनींच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं. "ताप नाही. पण चड्डी ओली आहे बघ, अशीच जेवायला बसवलीस होय?" असं म्हणत त्यांनी चड्डी खाली ओढली.

आणि थांबल्या.

"सुमन, कंदील जवळ आण."

मी आणला.

"हा मुलगा आहे."

"कोण?"

"तुझी निमी."

त्या निमीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि एक लांबलचक ढेकर दिला.

दारात बंडू हात न धुताच उभा होता. "मी केव्हापासून सांगतोय, ती निमी नाहीच!"

"अरे, मग जेवताना का नाही बोललास?"

"तूच म्हणतेस, जेवताना बोलायचं नाही."

हसू येण्याची ती वेळ नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र, काळोखी वाळू, मोठमोठ्या लाटा आणि विजूची चड्डी घातलेली चार वर्षांची पोर. वहिनी उठून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. पण मला एक शब्द टाकून बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पळ. बंडूला ने, त्याला भाषा येते."

मी पळाले. कडेवर ते परकं पोर, मागे बंडू. माझा अंबाडा सुटला, एक चप्पल जिन्यातच राहिली. माझं तमिळ तेव्हा एकूण अकरा शब्दांचं, त्यातले आठ भाज्यांचे. सगळी भिस्त बंडूवर.

"विचार रे त्याला, नाव काय?"

बंडूने विचारलं. "राजा म्हणतो."

"पूर्ण नाव?"

"राजाच म्हणतो. आई त्याला राजा म्हणते."

"घर कुठे?"

"घर घरी आहे म्हणतो."

तीनदा वाढलेला दहीभात पोटात घालून तो राजा माझ्या खांद्यावर मान टाकून चक्क झोपी गेला. त्याचा इवलासा हात माझ्या मानेभोवती होता. कुणाचं तरी काळीज आपण कडेवर घेऊन चाललोय आणि आपलं काळीज कुणाच्या हातात आहे ठाऊक नाही, हे मला त्या रस्त्यावर कळलं. मी मोठमोठ्याने रडत धावत होते. लोक वाट देत होते.

वाळूवर लांबून घोळका दिसला. मधोमध नऊवारीसारखं लुगडं नेसलेली एक म्हातारी पाट्टी, म्हणजे आजी, मांडी घालून बसली होती. आणि तिच्या मांडीवर आमची निमी! हातात चिंचेच्या भाताचा गोळा, गालांवर तेल, आणि तोंडाने अखंड मराठी चाललेलं. "मला काकूनं नाही सोडलं, मीच काकूला सोडलंय," असं ती त्या बिचाऱ्यांना समजावून सांगत होती. त्यांनाही घरी जायला उठेपर्यंत पत्ता नव्हता. चार मोट्टै मोजून झाली, आणि त्यातलं एक मराठीत भांडायला लागलं, तेव्हा आपला राजा हरवल्याचं त्यांच्या ध्यानात आलं.

एक किडकिडीत बाई, राजाची आई, "कण्णा! कण्णा!" म्हणजे 'सोन्या! सोन्या!' करत माझ्या अंगावर धावून आली. आता ही मला मारणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तिने मुलगा ओढून घेतला, त्याचे पटापट मुके घेतले, मग त्याच्या ढुंगणावर एक चापट मारली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मीही रडले. मी मराठीत रडत होते, ती तमिळमध्ये. पण बंडूची काही गरज लागली नाही.

पाट्टीने मात्र मला उभं करून झाडलं. बोट नाचवत, न थांबता, चांगली पाच मिनिटं.

"काय म्हणते रे?" मी बंडूला विचारलं.

"ती म्हणते, तू एवढीशी आहेस आणि तुला सात मुलं कशी झाली?"

"अरे, तू काय सांगितलंस तिला?"

"आमच्या घरात सात मुलं आहेत म्हणून सांगितलं."

पाट्टीने माझ्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं, सुस्कारा सोडला, स्वतःच्या सुनेच्या वेणीतला मोगऱ्याचा अर्धा गजरा तोडला आणि माझ्या केसांत खोवला. सात मुलांच्या आईची तिला दया आली असावी. मी निमीला घेतलं. ती यायला तयार नव्हती. चिंचेचा भात अजून शिल्लक होता!

घरी आले तर वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या. बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही, सगळे नियम मोडून, तान्हीला पदराखाली धरून उभ्या. कुसुम शेजारी कंदील घेऊन. निमीला पाहताच त्या मटकन पायरीवरच बसल्या. तिच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत राहिल्या, फिरवतच राहिल्या.

मी खालच्या पायरीवर उभी. "वहिनी, मला उद्याच माहेरच्या गाडीत बसवा. माझी लायकी नाही."

वहिनींनी डोळे पुसले आणि तान्हीला उचलून माझ्या हातात दिलं. आतापर्यंत मी तिला घ्यायला भीत होते, पडेल म्हणून.

"धर नीट. मान सांभाळ," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. "ही कुसुम आहे ना, ती चार महिन्यांची असताना मी तिला भाजीवालीच्या टोपलीशी ठेवून घरी आले होते. चांगलं अर्ध्या तासानं आठवलं. कोथिंबीर मात्र आणली होती."

"आई!" कुसुम किंचाळली.

"अजून कुणाला सांगितलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "आणि हेही पुरुषमाणसांना कळायचं नाही. कळलं का रे बंडू?"

आणि मग आम्ही दोघी त्या जिन्यात बसून पोट दुखेपर्यंत हसलो. वहिनींना टाके दुखत होते, तरी थांबवेना. तान्ही माझ्या हातांत गाढ झोपली होती. खालून यमुनाक्का डोकावल्या आणि "काय जाहलें, ग?" म्हणून विचारायला लागल्या.

पाडव्याला राजाची आई, पाट्टी आणि चारही मोट्टै आमच्याकडे आली. पत्ता बंडूने दिला होता. त्यांनी पुळिसादमचं, म्हणजे त्याच चिंचेच्या भाताचं, भलं मोठं पातेलं आणलं, निमीसाठी. आम्ही श्रीखंड वाढलं. दीर आणि आमचे हे विचारत राहिले, "ही मंडळी कोण?" वहिनी सहज म्हणाल्या, "समुद्रावरची ओळख."

पुढच्या रविवारी मुलांनी पुन्हा समुद्राचा हट्ट धरला. मी वहिनींकडे पाहिलं. वाटलं, आता नाहीच म्हणणार. पण वहिनी हसून म्हणाल्या, "जा की!" माझा ऊर भरून आला. एवढा विश्वास! मी ऐटीत पदर खोचला, जिना उतरले, रस्त्यावर आले. तेवढ्यात वहिनी गॅलरीत येऊन वरून ओरडल्या, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात:

"कुसुम! काकूचा हात सोडू नकोस गं! हरवली तर तिला पत्ताही सांगता यायचा नाही!"

मी खाली मान घालून अकरा वर्षांच्या कुसुमचं बोट धरलं, आणि खरं सांगते, परत येईपर्यंत सोडलं नाही.